पाठीवरचा पर

तुम्हीच पहिले. नवऱ्याला हे ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला नाही. वर्षातून एकदा माहेरी आंजर्ल्याला जाते, कड्यावरच्या गणपतीसमोर हात जोडून उभी राहते—तिथेही हा विषय टाळून, दुसरंच काहीतरी पुटपुटून बाहेर येते. देवालाही टांग मारण्याइतकी मी तयार झाले आहे. तुमच्याशी तरी सरळ बोलेन का, कोण जाणे. बघते.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेतलं. माझा एक जुना विद्यार्थी माइकवर म्हणाला, "मॅडमनी आम्हाला बघायला शिकवलं." टाळ्या पडल्या. मी खुर्चीत बसून हसत होते. त्या समारंभाचा फोटो घरी आहे. तो मी कपाटात उलटा घालून ठेवलाय, कारण त्या हसणाऱ्या बाईची मला किळस येते.

आता मासा. तो काय होता ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत, गढूळ आणि कोमट पाण्यात, माशांचं एक कूळ राहतं. अंग कोयत्याच्या पात्यासारखं चपटं, शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं. पोटाखालून थेट शेपटीपर्यंत एकच लांबलचक पर, माशाचं वल्हं म्हणा. तो झालरीसारखा हलवत हे मासे पुढे जातात आणि तितक्याच सहज मागेही येतात—अंग जराही न वाकवता. पाठीवर पर नाही. पोटाशी परांची जोडी नाही. आणि गुदद्वार कुठे, तर गळ्याशी, डोक्याच्या खाली. इथे मुलं दरवर्षी हसायची. मी हसू द्यायचे.

या माशांच्या अंगात वीज असते. बहुतेकांत अगदी क्षीण, हात घातलात तर कळणारही नाही. ती कुणाला मारण्यासाठी नसतेच. अंधारात, गाळात, जिथे डोळ्यांचा उपयोग नाही, तिथे मासा आपल्या भोवती विजेचं एक पातळ क्षेत्र पसरून ठेवतो. त्यात दगड आला, अळी आली, दुसरा मासा आला, की झालेला फरक त्याच्या कातडीला कळतो. त्याचं ते बघणं. दोन मासे जवळ आले आणि दोघांच्या विजेची लय सारखी निघाली, तर काही जातींत दोघंही आपापली लय थोडी बदलून घेतात, एकमेकांचं बघणं बिघडू नये म्हणून. याच कुळात एक दांडगा निघाला, माणसाला लोळवेल असा झटका देणारा. लोक त्याला वीज मारणारी वाम म्हणतात. वाम नव्हेच ती, या पात्यांचीच भाऊबंद. मी वर्गात सांगायचे, मुलांनो, वर्गीकरण म्हणजे हेच. नावावर जाऊ नका, तोंडवळ्यावर जाऊ नका. अंग बघा. पर मोजा.

पर मोजा—हे माझे शब्द. दरवर्षी, फळ्यासमोर उभं राहून, मोठ्या आवाजात.

आमच्या प्रयोगशाळेला लागून एक खोली होती, भिंतभर काचेची कपाटं आणि त्यात बरण्या. तिला आम्ही संग्रहालय म्हणायचो. तिथे या कुळातला एक मासा होता. जिम्नोटस. फार जुन्या कुणा प्राध्यापकांनी परदेशातून मिळवलेला, काचेच्या पट्टीला दोऱ्याने बांधून फॉर्मेलिनमध्ये उभा केलेला, बाहेर काळ्या शाईतली चिठ्ठी. कोकणात दुसरीकडे कुठे असा मासा असेल असं मला वाटत नाही. आणि संग्रहालयाची जबाबदारी कुणाकडे? माझ्याकडे.

काम मोठं नव्हतं. पावसाळा संपला की प्रत्येक बरणी उतरवायची, झाकण उघडायचं, फॉर्मेलिन कमी झालं असेल तर वर भर घालायची, झाकणाला व्हॅसलिन लावून परत ठेवायची. मग वहीत लिहायचं, पाहणी केली, आणि सही. जिम्नोटसची बरणी सर्वांत वरच्या फळीवर, मागच्या रांगेत. स्टूल ओढायचं, चढायचं, पुढच्या बरण्या बाजूला करायच्या... मला कंटाळा यायचा. फॉर्मेलिनने डोळे झोंबतात, बोटांचा वास दोन दिवस जात नाही, जेवताना घास नाकाजवळ आला की ओकारी येते. एक वर्ष मी त्या फळीकडे नुसतं खालून बघितलं आणि सही केली. पुढच्या वर्षी खालूनही बघितलं नाही. सही मात्र चुकली नाही हो, कधीच.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग कळलं की तपासणी समिती येणार. विभागप्रमुख—आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो, कीटकांचे अभ्यासक, मुंग्या-वाळवीत रमणारा माणूस—ते म्हणाले, आपला विजेचा मासा पुढे काढून ठेवा. मी स्टूलवर चढले. बरणी कोरडी ठणठणीत होती.

आत काय होतं ते सांगते. तुम्हाला घाण वाटेल. वाटू दे. मासा वाळून पापडासारखा झाला होता, आणि त्याच्यावर राखाडी लव—बुरशीची. शेपटी तुटून तळाला पडलेली. डोळ्याच्या जागी खळगा, आणि त्यातून बारीक किडे ये-जा करत होते. झाकण काढलं तेव्हा जो वास आला तो कुजल्याचा नव्हता, कुजण्याची वेळसुद्धा निघून गेल्याचा होता. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला तो जीव माझ्या आळसाने दुसऱ्यांदा मेला होता.

सरांना सांगता आलं असतं. ते रागावले असते, दोन दिवस बोलले नसते. बस्स, इतकंच. नोकरी गेली नसती, काही झालं नसतं. एवढ्याचं मला भय वाटलं! मी तो मासा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कॉलेजच्या मागे सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर एक खड्डा आहे, तिथे नेऊन टाकला. एक कुत्रा आला, हुंगला आणि निघून गेला. त्यालाही नको झाला.

त्याच आठवड्यात कोल्हापूरला लग्न होतं. परतताना, आंबा घाट लागण्याआधी, एसटी चहाला थांबली. रस्त्याकडेला एक बाई घमेल्यात धरणाचे मासे घेऊन बसली होती. आणि त्यात—मी बघतच राहिले—तेच पातं. तीच झालर पोटाखाली, तसाच शेपटीकडे निमुळता.

तो जिम्नोटस नव्हे, हे मला त्या क्षणीच ठाऊक होतं. तो नोटॉप्टेरस, आपल्याकडच्या गोड्या पाण्यातला. दोघांचा एकमेकांशी नात्याचा काही संबंध नाही, कोट्यवधी वर्षांपूर्वीच घरं वेगळी झालेली. पण पोहण्याची रीत तीच धरली, म्हणून अंग तसंच झालं. आपल्या माशात वीज नाही, सोंग तेवढं सारखं. आणि ओळखायची खूण अगदी सोपी. याच्या पाठीवर, मध्यावर, एक छोटासा पर असतो, पिसासारखा उभा. जिम्नोटसला तो नसतो. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पर मोजा.

मी एक मासा घेतला. स्टीलच्या डब्यात बर्फ, वर वर्तमानपत्र, डबा मांडीवर. घाट उतरताना वळणावळणावर बर्फाचं पाणी साडीवर सांडत होतं आणि शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून बसला होता. मी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिल्याचं आठवतं. तो प्रामाणिक माणूस होता, त्याला घाण आली आणि त्याने नाक धरलं. मी?

पोटात फॉर्मेलिन टोचून मासा ट्रेमध्ये आठ दिवस कडक केला. पाठीवरचा पर बोटाने आडवा दाबला आणि त्याच्यावरूनच दोरा आवळून काचेच्या पट्टीला बांधला. दोऱ्याखाली पर दिसेना. फॉर्मेलिनमध्ये रंग उडून सगळे मासे मेणबत्तीसारखे पांढरट होतात, तसा तोही झाला. जुनी बरणी धुतली, जुनी चिठ्ठी तशीच ठेवली. मनाशी म्हटलं, समितीचे दोन दिवस जाऊ देत, मग बघू.

समितीच्या अध्यक्षांनी नेमकी तीच बरणी उचलून सरांना विचारलं, हा तुमच्याकडे कसा? आणि कौतुक केलं. झालं! सर हरखून गेले. बरणी वरच्या फळीवरून खाली आली, दर्शनी भागात, मागे निळा कागद लावून. दाभोळहून, राजापूरहून शाळांच्या सहली येऊ लागल्या, करंट मारणारा मासा बघायला. पोरं काचेला बोट लावून ओरडायची आणि शिक्षक माझ्याकडे आदराने बघायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात—माझी मूठ बरणीत बंद होती.

तुम्ही म्हणाल, रत्नागिरीसारख्या गावात, माशाच्या गावात, कुणालाच कळलं नाही? तेच तर. आमच्या गावाला माशात फसवून दाखवा! बांगडा कालचा की आजचा हे लांबून डोळा बघून सांगणारी माणसं. मुडदुशीच्या नावाखाली भलतं काही विकायला बसलात तर टोपली डोक्यावर घालतील. पण गोड्या पाण्यातला मासा म्हटला की तीच माणसं तोंड फिरवतात. शी, चिखलाचा वास, घाटावरचे लोक खातात. जो मासा आपण ताटात घेत नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. माझ्या विभागात सगळे समुद्राचे पंडित, आणि त्यांच्यापैकी एकानेही धरणातला मासा कधी हातात धरलेला नव्हता. ही आमची खोड मला पक्की ठाऊक होती. तिच्याच भरवशावर मी ते केलं.

आणि विद्यार्थी? विद्यार्थी जर्नलमध्ये चित्र काढायचे, पण बरणी बघून नव्हे. मी फळ्यावर काढलेलं चित्र, बिनपराचं, एका बॅचच्या जर्नलमधून दुसऱ्या बॅचच्या जर्नलमध्ये उतरत गेलं. बाण, बाणापुढे नाव, विद्युत अंग. मी तपासून सही करत गेले. माझी सही, पुन्हा.

मग दर्शना आली.

राजापूर तालुक्यातली, आतल्या गावातली. वडील मुंबईला एका हॉटेलात कामाला. घरात कॉलेज बघणारी पहिलीच. अंगाने काटकुळी, आणि बघण्याची एक पद्धत होती तिची—गोष्ट समोर आली की मान किंचित वाकडी करून, श्वास रोखल्यासारखी बघायची. तिला माशांवर एम.एस्सी. करायचं होतं. वडिलांनी शब्द दिला होता, फर्स्ट क्लास आण, मग शिकवतो, नाहीतर घरी ये, स्थळं आहेत. हे तिने मला स्वतः सांगितलं होतं, जर्नल तपासून घ्यायला आली होती तेव्हा. मला सगळं ठाऊक होतं. हे नीट ऐकून ठेवा. मला ठाऊक होतं.

तिने चित्र बरणी बघून काढलं. तेवढ्या वर्षांत दोरा कुजून सैल झाला होता आणि पाठीवरचा पर हळूहळू वर आला होता. तिच्या चित्रात तो होता, सात-आठ काड्यांचा, जसाच्या तसा. इतकं खरं चित्र त्या प्रयोगशाळेत कुणी काढलं नसेल. मी लाल पेनने त्या परावर फुली मारली आणि बाजूला लिहिलं, निरीक्षण कमी.

ती परत आली. "मॅडम, पर हाय त्याला. माझ्या मामांचं गाव घाटावर, तिथं धरणात गावतो हा मासा. चालट म्हणतात. मी सोता साफ केलाय."

मी म्हटलं, ती कातडी सुटली आहे, फॉर्मेलिनमध्ये सुटते. तिने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. जसं बरणीकडे पाहायची, तसंच. मग 'बरं मॅडम' म्हणून गेली. मला त्या वेळी काय वाटलं असेल? लाज? छे. मला राग आला. घाटावरचा मासा साफ करणारी पोरगी मला शिकवते!

तेव्हाच बरणी काढून टाकायची होती. उद्या, परवा करत राहिले.

विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. आमच्याकडे स्पॉटिंग असतं. टेबलांवर नमुने मांडतात, प्रत्येकावर फक्त अक्षर. विद्यार्थ्याने ओळखायचं, वर्गीकरण लिहायचं आणि कारणं द्यायची. सरांनी हौसेने जिम्नोटसची बरणी लावली. दर्शनाने लिहिलं, नोटॉप्टेरस. कारण, पाठीवर मध्यभागी लहान पर आहे. जिम्नोटसला पाठीवर पर नसतो.

बरोबर. अक्षरन् अक्षर बरोबर. माझंच शिकवणं तिने माझ्यासमोर ठेवलं होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरांच्या यादीशी ताडून पाहिलं आणि शून्य दिलं. तोंडी परीक्षेत त्यांनी ही चूक दाखवली, तेव्हा ती त्यांना म्हणाली, सर, एकदा ती बरणी बघा. केवढं धाडस ते! परीक्षक घाईत होते, पण माणूस बरा होता. म्हणाले, उद्या सकाळी सगळ्यांसमोर बघू. परीक्षा साडेचारला संपली. माणसं पांगली. सरांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या, कारण संग्रहालय माझं.

मला इथे थांबावंसं वाटतं. आत्तासुद्धा, लिहिताना, मी उठून पाणी पिऊन आले.

खिडकीतून ऊन येत होतं. मी दार लावलं. बरणी उघडली, मासा ट्रेमध्ये काढला. माझी स्वतःची डिसेक्शनची पेटी, कॉलेजात शिकत असताना आईने घेऊन दिलेली, तिच्यातली बारीक कात्री घेतली. डाव्या अंगठ्याने मासा दाबून धरला आणि पर मुळापासून कापला. कड्कन् आवाज आला, नख कापल्यासारखा. मग पात्याने ती जागा खरवडून सपाट केली. खवले उडून माझ्या मनगटाला चिकटले. एवढ्यावर भागलं असतं. पण मासा उलटा करून पोटाशी असलेले ते नखाएवढे दोन परही मी कापले. कुणी तिकडे बघितलंही नसतं. पण मी कामाला चोख ना!

कापलेला पर अंगठ्याला चिकटून बसला. झटकला तरी निघेना. बेसिनमध्ये पाणी सोडलं, तर तो जाळीवर अडकला, पिसासारखा उघडून. तो मी बोटाने ढकलला. मग नवा दोरा बांधला, झाकण लावलं, हात साबणाने तीनदा धुतले आणि घरी गेले. त्या संध्याकाळी मी तारल्या तळल्या, त्याच बोटांनी खाल्ल्या आणि चवीने खाल्ल्या. घास नाकाजवळ आला तेव्हा काहीही झालं नाही.

सकाळी परीक्षकांनी बरणी खिडकीशी नेली, उजेडात फिरवली. मग दर्शनाला पुढे बोलावलं. कुठे आहे पर?

ती वाकली. मान वाकडी केली. खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काल व्हता."

हशा पिकला. सर म्हणाले, काल होता आणि रात्रीत गळला काय, पिंपळाचं पान आहे का ते? पुन्हा हशा. तिने सगळ्यांकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही सांगा ना."

तिला वाटलं, मी सांगेन. तिचा माझ्यावर भरवसा होता! आणि मी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते मी विसरू शकलेले नाही. मी म्हटलं, "दर्शना, मामाच्या ताटातला मासा तुला बरणीत दिसला बहुतेक. सकाळी जेवून आली होतीस ना?"

सगळ्यांत मोठा हशा माझ्या वाक्याला पडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण चोर निदान ओरडतो तरी. मी विनोद केला. ती रागावली नाही, रडली नाही. तिने दोन्ही हातांनी डोळे चोळले आणि पुन्हा बरणीकडे बघितलं. एवढंच.

सरांनी तिच्याकडून कागद लिहून घेतला, निष्काळजीपणे निरीक्षण केलं, क्षमा असावी. मजकूर सांगायला मला बसवलं. मी सांगत होते, ती लिहीत होती. 'निष्काळजीपणे' हा शब्द तिने मला विचारून दुरुस्त केला. तोंडी परीक्षेतही तिचे गुण कापले गेले. फर्स्ट क्लास हुकला, आणि थोडक्यात हुकला. बापाने शब्द दिला होता तो दोन्ही बाजूंनी पाळला. दाखला न्यायला आली तेव्हा ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला—ज्याच्या अंगठ्याला तो पर चिकटला होता, तोच.

या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं झाली. मला वाटायचं, आता हे बरणीतच राहील. मी मेले की संपेल.

गेल्या हिवाळ्यात राजापूरजवळच्या एका शाळेने विज्ञान प्रदर्शनाला पाहुणी म्हणून बोलावलं. नको म्हणता आलं असतं. पण हार, नारळ, पहिल्या रांगेतली खुर्ची... मी गेले. तक्ते बघत फिरताना एका मुलीपाशी थांबले. तिने अर्जुना नदीतले मासे काढले होते, सुरेख. एका माशाच्या पाठीवर पेन्सिलने पर काढून खोडलेला दिसत होता. मी विचारलं, हे का खोडलंस? ती म्हणाली, "आई म्हणाली, पुस्तकात काय दिलंय ते बघ, डोळ्यांवर जाऊ नको."

मागे तिची आई उभी होती. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं. पदर सावरून पुढे आली आणि लेकीला म्हणाली, "पाया पड, ह्या माझ्या मॅडम."

दर्शना आता काजूच्या कारखान्यात काम करते, नवऱ्याच्या चुलत्यांचा कारखाना. काजूगर निवडायचे, अख्खे वेगळे, तुकडे वेगळे, डागाळलेले वेगळे. दिवसभर बघण्याचंच काम. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, जमतं का? ती हसली. म्हणाली, "जमतं, पण मी मागं पडते, मॅडम. एकेक गर दोनदा-तीनदा बघते. सगळी वरडतात. काय करू, माझ्या नजरेवर माझा भरवसा न्हाय. तुम्हाला आठवतंय ना तो मासा?"

मी मान हलवली.

"मला खरंच दिसला व्हता हो पर," ती म्हणाली. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली केला. "अजून डोळं मिटलं की दिसतो. नसलेला पर कसा दिसला असंल, कळत न्हाय. उगाच तुम्हाला सगळ्यांसमोर मधी घातलं. तवाच माफी मागायची व्हती तुमची, तोंडाने. ऱ्हाऊन गेली."

आणि तिने हात जोडले.

तिथे, त्या क्षणी, एक वाक्य पुरलं असतं. पर होता. तीन शब्दसुद्धा लागत नव्हते. आजूबाजूला फक्त तिची लेक होती. सर वारले, परीक्षक कुठे असतील देव जाणे, माझी पेन्शन सुरू झालेली. मला कुणाचंही भय नव्हतं. आळस नव्हता, घाई नव्हती, नोकरी नव्हती. मागे जी जी कारणं मी स्वतःला सांगत आले, त्यातलं एकही तिथे शिल्लक नव्हतं. आणि तरी माझ्या तोंडातून जे निघालं ते ऐकून मला माझीच किळस आली.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे गं. मी कधीच मनात ठेवलं नाही."

तिचा चेहरा सुटला. खरंच सुटला—इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखा. लेकीला म्हणाली, बघ, अशा असतात मोठ्या मनाच्या. मग मी व्यासपीठावर गेले, हार घालून घेतला आणि निरीक्षणाचं महत्त्व या विषयावर बोलले. ती पहिल्या रांगेच्या मागे उभी राहून ऐकत होती, मान किंचित वाकडी करून.

बरणी अजून तिथेच आहे, निळ्या कागदासमोर, जुन्या चिठ्ठीसकट. परवा कॉलेजात काही कामाला गेले होते तेव्हा पाहिली. फॉर्मेलिन काठोकाठ आहे. माझ्या जागी आलेला मुलगा कामाला चोख दिसतो.

पर होता. तिने बरोबर पाहिलं होतं. तो मी कापला, आणि वर तिलाच माफ करून आले.